भोळ्यांची खोली

प्रिय नाकतोड्या,

आपण दोघी प्रयोगशाळेच्या मागच्या ओट्यावर अळ्यांसाठी स्वयंपाक करायचो, ते परवा एकदम डोळ्यांपुढे आलं. तू शेगडीवरचं पातेलं ढवळत होतीस, मी गाजरं किसत होते. डाळीचं पीठ, यीस्ट, घट्ट व्हायला आगर, सगळं एकजीव होऊन बुडबुडे यायला लागले, तशी तू चमचाभर उचललंस आणि सरळ तोंडात टाकलंस. मी किंचाळले. तू मात्र डोळे मिटून मुरलेल्या आचाऱ्यासारखी मान डोलावलीस आणि म्हणालीस, "मीठ कमी आहे. पण माहेरवाशिणीच आहेत, चालवून घेतील." त्या दिवसापासून आपल्या खोलीतल्या अळ्यांचं नाव माहेरवाशिणी पडलं. आजही नव्या मुली तेच नाव वापरतात आणि ते कुणी ठेवलं हे त्यांना ठाऊक नाही.

आठवायला कारण झालं. संचालकांनी बोलावून सांगितलं की आपली खोली बंद होतेय. त्या जागी एक यंत्र येणार आहे, अळीचा चिमूटभर चुरा घातला की तिची सात पिढ्यांची कुंडली मांडणारं. महिनाअखेर खोली रिकामी हवी. माहेरवाशिणी एक तर कुणाला द्यायच्या, नाहीतर वाफेच्या भट्टीत टाकायच्या. कुणाला द्यायच्या ते मी लिहून द्यायचं, कारण निवृत्त झाले तरी नियमाप्रमाणे अळ्यांच्या या वसाहतीची राखणदार अजून मीच. "पण तुम्हाला कसली काळजी बाई?" असं म्हणत त्यांनी हसतहसत एक कागद पुढे केला. "कीटकनाशक कंपनीने अख्खी वसाहत मागितलीय. आणि तिथे तुमच्या मैत्रीणच तर बसल्यात!" खाली तुझी सही होती. शेवटच्या अक्षराची शेपूट अजून तशीच लांब ओढतेस. मी कागद उलटा करून त्यांच्या टेबलावर ठेवला.

सिस्टर म्हणायच्या ना, राग आला असेल तेव्हा अक्षर जास्त सुबक काढा, म्हणजे निदान कागदाला तरी त्रास होणार नाही. मिशनच्या वसतिगृहातल्या त्या लांब टेबलावर त्या आपल्याकडून रागाच्या दिवशी शुद्धलेखन लिहून घ्यायच्या. तेव्हा बघ, आज माझं अक्षर किती सुबक आलंय. अनेक वर्षांत एवढं आलं नव्हतं.

मला राग आला की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, हे तुला माहीत आहे. तू चिडायचीस, "अगं, मुद्द्यावर ये." आज येणार नाही. आज तू ऐकायचंस, आणि तुला जे पाठ आहे तेही ऐकायचंस, कारण मला शंका आहे की ते तू विसरलीस. आपण नोकरीला लागलो तेव्हा थोरले साहेब प्रमुख होते. त्यांच्या तरुणपणी ती किडे मारायची पांढरी पावडर नवीनच निघाली होती. ते सांगायचे, पहिल्या वर्षी शेतात पाय टाकला की मेलेल्या किड्यांचा कुरकुर आवाज यायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. काही वर्षांत त्याच पावडरीत अळ्या लोळायला लागल्या. मग दुसरं औषध आलं, मग तिसरं. दर वेळी आधी टाळ्या आणि मागून तेच. ज्या मरत नाहीत त्याच अंडी घालतात, एवढं साधं गणित. साहेब औषधाच्या विरोधात कधीच नव्हते, आणि मीही नाही. मला काही जण "किड्यांची आई" म्हणून हिणवतात, पण अळीने अख्खा मळा पोखरलेला मी पाहिलाय आणि वेळेवर मारलेल्या एका फवाऱ्याने तो वाचलेलाही पाहिलाय. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं की उद्या औषध कुणालाच लागू पडेनासं झालं, तर ते मुळात किती लागू पडायचं हे सांगायला कुणीतरी शिल्लक हवं.

म्हणून आपण तिघं त्या डोंगरावर गेलो, जिथे कुणी शेती केली नव्हती आणि औषधाचा थेंब कधी पोहोचला नव्हता. रानझुडपांवरून अळ्या वेचल्या. उतरताना तुझा पाय घसरला आणि तू बसल्याबसल्या निम्मा उतार घसरत खाली आलीस, पण डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. साहेब वरून ओरडले, "लागलं का?" तू खालून ओरडलीस, "एकीलाही नाही!" त्यांनी तुझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं होतं. साहेब नंतर खूप दिवस ते सांगून हसायचे. आज आपल्या खोलीत आहेत त्या त्याच अळ्यांच्या पोटच्या पोरी, पणत्या, खापरपणत्या. त्यांनी औषध पाहिलेलंच नाही. भोळ्या राहिल्या. नुसत्या वासाने मरतील अशा. आणि त्यातच त्यांची सगळी किंमत. भोळी अळी जेवढ्या औषधाने मरते, त्याच्या किती पट शेतातलीला लागतं, हा एकच प्रश्न आपण आयुष्यभर विचारत आलो. ती मोजपट्टी ज्याच्या हातात, त्यालाच औषध खरं की खोटं हे सांगता येतं. आणि ती मोजपट्टी आता तू पूर्णच्या पूर्ण मागतेस. म्हणजे उद्या कुणाला तुमचं औषध तपासायचं झालं, तर पट्टी मागायला तुमच्याच दारात उभं राहायचं!

त्या खोलीसाठी आपण काय काय सोडलं ते आठवतं तुला? अत्तर नाही, पावडर नाही, घरात डासांची उदबत्ती नाही. दारातच कपडे बदलायचे, साध्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. एकेका कुपीत एकेक अळी, कारण एकत्र ठेवल्या की त्या एकमेकींना खातात. तू म्हणायचीस, "अगदी आपल्या वसतिगृहासारख्या." एकदा आठवड्याभरात निम्म्या मेल्या आणि कुणालाच कारण सापडेना. साहेब पाणी तपासत होते, मी पीठ तपासत होते, आणि तू प्रत्येक माणसाच्या अंगाचा वास घेत फिरत होतीस, पोलिसाच्या कुत्र्यासारखी. शेवटी हिशेबनीसापाशी थांबलीस. त्याच्या बायकोने थंडीचा कोट डांबरगोळ्यांच्या पेटीतून काढून दिला होता आणि तो कोट घालून तो पगाराची सही घ्यायला आत आला होता. बिचारा रडायच्या बेतात! तू त्याला म्हणालीस, "भाऊजी, पुढच्या वेळी पगार घेऊन दाराबाहेर उभे राहा, आम्ही धावत येऊ." आणि तुझ्या लग्नानंतर तू अंगाला अत्तराचा वास घेऊन आलीस, तेव्हा मी तुलाच आत घेतलं नव्हतं. दोन दारांच्या मधल्या काचेतून तू मला जीभ काढून दाखवलीस आणि घरी गेलीस. राग मात्र धरला नाहीस. नियम तुझाच होता.

तू कंपनीत गेलीस तेव्हाही मी राग धरला नव्हता, हे लक्षात ठेव. लोक म्हणाले, पैशाच्या मागे गेली. मी भांडले त्यांच्याशी. मला माहीत होतं की तुझ्या डोक्यात जे होतं त्याला मोठी जागा लागणार होती. तू काढलेलं ते पहिलं औषध, अळीला कात टाकू न देणारं, मधमाशीला न शिवणारं, ते मी स्वतः खोऱ्यातल्या टोमॅटोवाल्यांना हातात नेऊन दिलं. "माझ्या मैत्रिणीने केलंय," असं सांगत फिरले, जसं काही माझ्याच घरी पाळणा हलला होता. गोगलगाय, पोटात पाय, असं तू मला चिडवायचीस. तेव्हा पाय बाहेर काढून मी दारोदार फिरले ते तुझ्यासाठी.

त्या खोऱ्यात आपला पंपवाला होता, तुझा आणि माझा. पाठीवर फवारणीचा पंप बांधून सगळ्यांच्या मळ्यांत काम करणारा. तो शर्टाच्या खिशात काडेपेट्या भरून आपल्याला अळ्या आणून द्यायचा आणि एकदा एक पेटी खिशातच उघडली, तेव्हा रस्त्यात शर्ट काढून नाचला होता. तुझे लांब पाय पाहून त्याने आपणहून तुला नाकतोडेबाई म्हटलं. सिस्टरांनी आधीच ते नाव ठेवलं होतं हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला! "म्हणजे देवाघरची माणसंपण हेच म्हणतात," म्हणाला. पुढे खोऱ्यात मित्रकीटक आले, त्यालाही तोच साक्षी. चिलटाहून बारीक गांधीलमाश्या, किडीच्या अंड्यातच अंडी घालणाऱ्या. कार्डवाल्या मावशींनी स्वतःच्या गोठ्यालगत खोली बांधली आणि मित्रकीटकांच्या अंड्यांची कार्डं करून विकायला लागल्या. पंपवाला पाठीवरचा पंप उतरवून ती कार्डं पानांखाली टोचत हिंडायचा. लोक विचारायचे, काय रे, फवारणी सोडून शिंपीकाम कधीपासून? तो म्हणायचा, "माझी पाठ सरळ झाली, तुमची अक्कल कधी होणार?" हंगामामागून हंगाम गेले. फवाऱ्याची गरज पडायची, पण एखाद्या वेळी, तीही पाहून, मोजून. हेच आपल्याला हवं होतं ना? तू आणि मी ओट्यावर बसून जे बोलायचो, ते एका खोऱ्यात तरी खरं झालं होतं.

मग तुमचं नवीन औषध निघालं. मंजुरीच्या आदल्या वर्षी तू पंपवाल्याकडून खोऱ्यातल्या अळ्या मागवल्या होत्यास. तुमचा ड्रायव्हर डबे न्यायला आला, तेव्हा पंपवाल्याने खास निवडून, धष्टपुष्ट बघून दिल्या. "बाईंच्या घरी पोरी द्यायच्या, मरतुकड्या कशा चालतील?" आणि भोळ्या तू माझ्याकडून नेल्यास, रीतीप्रमाणे. दोन्ही शेजारी ठेवून तपासायचं, ही तर आपलीच पद्धत. काही दिवसांनी तुझा फोन आला. गुडघ्यांचं झालं, जावयाचं झालं, नव्या घराच्या खिडक्यांचं झालं. मग तू हसत म्हणालीस, "काय गं, तुमच्या खोऱ्यातल्या अळ्या कसल्या चिवट झाल्यात! औषधातून आंघोळ करून आल्यासारख्या टवटवीत निघतात." मीही हसले. मनात म्हटलं, जुन्या फवाऱ्यांतून जगलेल्यांचाच वंश तो, बरं झालं, वेळेत कळलं. आता ही मात्रा बदलेल, नाहीतर औषध मागे ठेवेल, नाहीतर निदान लिहील तरी की खोऱ्यात हे चालत नाही.

पुढच्या हंगामात पत्रक आलं. गुळगुळीत कागद, वर पिकलेला टोमॅटो, आणि खाली तुझा फोटो, चष्मा डोक्यावर ढकललेला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव अळ्या मरतात, असं ठळक अक्षरात. आणि मुंगीएवढ्या अक्षरात, संस्थेत पाळलेल्या अळ्यांवर तपासलेलं. मी ते वाक्य कितीदा वाचलं असेन. त्यात एकही शब्द खोटा नाही. तू माझ्या माहेरवाशिणी मारल्यास, ज्या फुंकरीने मरतात, आणि त्यांचा आकडा खोऱ्यावर छापलास. पाळण्यातल्या बाळाला धक्का देऊन पाडायचं आणि पैलवानाची गदा खांद्यावर घेऊन मिरवायचं! आणि दुसरा आकडा कुठे गेला? आंघोळ करून निघालेल्यांचा? तो तर तुझ्या टेबलावर होता. अडाण्याने ही चूक केली असती तर मी समजले असते. पण भोळी आणि शेतातली यांतला फरक ज्या चार माणसांना झोपेतही कळतो, त्यांतली एक तू.

त्या वर्षी हवा दमट होती आणि अळी जरा जास्त होती. मित्रकीटकांना जोर धरायला थोडा वेळ लागला असता. लोक घाबरले आणि पत्रकाला भुलले, यात त्यांची काय चूक? पंपवाल्यानेच घरोघर सांगितलं, "नाकतोडेबाईंचं औषध आहे, फोटो बघा की. बाई खोटं बोलायच्या नाहीत." पहिल्या फवाऱ्याने मित्रकीटक मेले, मधमाश्या मेल्या, अळी तशीच. लोकांना वाटलं, मात्रा कमी पडली. दुप्पट केली. मग आठवड्यातून दोनदा, तीनदा. फळावर औषध इतकं बसलं की बाजारात कुणी घेईना, आणि मळेच्या मळे झाडावर सडले. कार्डवाल्या मावशी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाई, तुमच्या मैत्रिणीचं औषध अळ्यांना टॉनिक म्हणून फार गुणाचं आहे हो," म्हणाल्या. "आमच्या पोरांना पण देऊ का, अंग धरायला?" 

आणि तो सगळा दुप्पट-तिप्पट फवारा कुणाच्या पाठीवर होता, हे मी तुला अजून सांगितलेलं नाही. तू फोनवर विचारलंही नाहीस. पंपवाला एका दुपारी मळ्यात कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. इस्पितळात त्याला वाचवलं, वाचवलं असंच म्हणतात. आता हात सतत हलतात. शर्टाची बटणं बायको लावते. चहाचा पेला तोंडापर्यंत येईतो निम्मा छातीवर सांडतो, आणि तो हसून म्हणतो, "शर्टालापण तलफ आलीय." मी भेटायला गेले तेव्हा त्या खाटेशेजारी बसून एक गोष्ट ऐकली. ती शेवटी सांगते, आत्ता लिहिली तर अक्षर बिघडेल.

मी तुला फोन केला होता. तू फार थकलेल्या आवाजात म्हणालीस की लोकांनी पत्रकातलं प्रमाण पाळलं नाही. अगं, ज्या प्रमाणात अळी मरतच नव्हती ते कोण पाळणार? मग म्हणालीस, औषध मागे घेतलं असतं तर तुझी अख्खी शाखा बंद झाली असती, हाताखालच्या मुली घरी गेल्या असत्या, आणि चांगलं औषध शोधायला पुन्हा कुणी पैसाच लावला नसता. यातलं काहीही खोटं नाही, हे मला कळतं. तुझ्या मुलींना मी पाहिलंय, चांगल्या आहेत, दोघी तर माझ्याच हाताखाली शिकल्यात. पण त्यांच्या नोकऱ्यांचं ओझं तू उचललं नाहीस, ते पंपासारखं दुसऱ्याच्या पाठीवर बांधलंस. आणि मग जे म्हणालीस त्याने माझ्यातलं काहीतरी तुटलं. "तुझ्या माश्याबिश्या एका खोऱ्यात ठीक आहेत गं. पण जग काही कार्डं टोचून चालत नाही." जग! जगाचं सोड, एक खोरं चाललं होतं ना? ते तरी चालू द्यायचं होतंस.

त्यानंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. आणि आता ही मागणी आली, सोबत पुष्पगुच्छ. होय, संचालक स्वतः तो हातात घेऊन खोलीच्या दारापर्यंत आले, "कंपनीकडून, तुमच्या एवढ्या वर्षांच्या सेवेबद्दल." दुकानातली फुलं, ताजी, एका पानालाही छिद्र नाही. पानाला छिद्र का नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? मी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठ माणसावर ओरडले. "आधी ते बाहेर न्या!" एवढ्या मोठ्याने की फाटकावरचा रखवालदार धावत आला. संचालक गोंधळून म्हणाले, "अहो, फुलंच आहेत." त्यांना काय ठाऊक? पण कार्डावर तुझं अक्षर होतं. मी त्या दिवशी रडले, आणि रडताना खरं सांगते, औषधाचा, पत्रकाचा राग मागे पडला होता. मला एवढंच दिसत होतं की भोळ्यांच्या दारात फवारलेली फुलं पाठवणारी बाई वेगळी, आणि उतारावरून घसरताना डबा डोक्यावर धरणारी मुलगी वेगळी. तिच्याकडे मी या अळ्या डोळे झाकून सोपवल्या असत्या.

तर आता ती गोष्ट. खाटेवर पडल्यापडल्या पंपवाल्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, शिव्या देईल, आणि मी ऐकून घ्यायच्या तयारीने वाकले. तो म्हणाला, "बाई, नाकतोडेबाईंना कुणी कळवलं का? त्यांचं औषध आपल्याकडे लागू पडत नाही म्हणून? त्यांना माहीत नसेल बघा. माहीत असतं तर त्यांनी पाठवलंच नसतं. एक पत्र टाका." त्याने स्वतःच्या हाताने तुला अळ्या निवडून दिल्या होत्या, तरी तुला आधीच माहीत असेल हे त्याच्या मनात आलं नाही. मी त्याला हो म्हटलं. हे पत्र म्हणजे तो निरोप. तुमचं औषध खोऱ्यात लागू पडत नाही, असं पंपवाल्याने कळवलं आहे. त्याला मी खरं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही, ते तुझं काम. आता वाटणी लिहिते, अशीच संचालकांना लिहून दिली आहे. भोळी वसाहत कुणा एकाकडे जाणार नाही. निम्मी आता विद्यापीठात निघालेल्या चष्मेवालीकडे, तीच, जी माझ्यानंतर खोलीत राहिली आणि अजून साध्या साबणाने हात धुते; निम्मी सरकारी तपासणी केंद्राकडे, म्हणजे एकीकडे वीज गेली तरी दुसरीकडे वंश राहील. तुला भोळ्या लागल्या तर चष्मेवाली देईल, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, सारख्याच ठळक अक्षरात छापायच्या अटीवर. मित्रकीटकांचं मूळ बियाणं आणि मोठं सूक्ष्मदर्शक कार्डवाल्या मावशींना, त्यांनी गोठ्यालगतची खोली पुन्हा धुऊन काढलीय. पंपवाल्याला मी दोन कानांचा, झाकणाचा मग पाठवलाय, त्याची काळजी तू करू नकोस. आणि तुला एक पेटी. सोमवारी तुमचा ड्रायव्हर वसाहत न्यायला येईल, त्याच्या हाती हे पत्र आणि ती पेटी देईन. आत खोऱ्यातल्या अळ्या आहेत, तुझ्या औषधातून जगलेल्या, मावशींनी आणि त्यांच्या सुनांनी सडक्या टोमॅटोतून वेचलेल्या. एकेकीची कुपी वेगळी आहे, एकत्र करू नकोस. पोहोचल्या की आधी खायला घाल. मग पत्रकात छापलंय तेवढंच औषध लाव, एक थेंब जास्त नाही, आणि जो आकडा येईल तो तुझ्या फोटोखाली छाप. पहिली प्रत पंपवाल्याच्या पत्त्यावर टाक. त्याला वाचता येत नाही. मी जाऊन वाचून दाखवीन.

रागावलेली, तरी तुझीच,
गोगलगाय